हॉलच्या भिंतीवर कीबोर्ड मांडायचे तर

माझ्याकडे तेवीस मेकॅनिकल कीबोर्ड (म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेले) आहेत आणि त्यातले चौदाच भिंतीवर आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण गडबड इथूनच सुरू होते. कपाटातलं होतं नव्हतं ते सगळं भिंतीवर चढवलं की आलेल्या माणसाला वाटतं, इथे रिपेअरिंग चालतं. आमच्या सासूबाईंनी पहिल्या दिवशी विचारलंच होतं, "दुकान टाकतेयस का गं?" नंतर त्यांनी एकच अट घातली, देवघराच्या भिंतीला हात लावायचा नाही. ती मी पाळली.

मी बावीस वर्षं डीटीपी करते. पुस्तकं, स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, मधूनच एखादी लग्नपत्रिका. कीबोर्ड जमले ते या कामापायी. पहिला टीव्हीएस कंपनीचा गोल्ड, चेरी कंपनीच्या निळ्या स्विचचा, इतका वाजणारा की फोनवर बोलताना समोरच्याला टायपिंग ऐकू जायचं. मग जुन्या बाजारात रविवारी चक्कर मारायची सवय लागली. तिथे चार्जर-रिमोटच्या ढिगाऱ्यात एकदा आयबीएमचा मॉडेल एम मिळाला. उलटा केला तर खालच्या लेबलवर तारीख, १९९१.

निवडताना माझा नियम साधा आहे. ज्याच्याबद्दल पाहुण्याला दोन वाक्यं सांगता येतील तोच भिंतीवर, बाकीचे पेटीत. टीव्हीएसचे दोन लावलेत, दिसायला जुळे, पण एकावर रुपयाचं चिन्ह आहे आणि एकावर नाही. चिन्ह आलं २०१० मध्ये, त्यामुळे थोरला कोण ते कळतं. नुसता महाग आहे म्हणून एकही लावलेला नाही. रंगीबेरंगी दिवे लुकलुकणारे दोन भाच्याला देऊन टाकले.

आता मापं. नंबरपॅडसकट पूर्ण कीबोर्ड साधारण ४५ सेंटिमीटर लांब असतो, नंबरपॅड नसलेला ३६ च्या आसपास आणि छोटा, ज्याला सिक्स्टी पर्सेंट म्हणतात, तो ३० च्या जवळपास. मॉडेल एम या सगळ्यांचा आजोबा, ४९ सेंटिमीटर लांब आणि २१ रुंद. प्रत्येकाच्या मापाचा वर्तमानपत्राचा तुकडा कापा आणि सगळे जमिनीवर मांडून बघा. मी आधी कागदावर चौकोन काढत बसले होते, त्यात एक संध्याकाळ गेली. तुकडे हातात आल्यावर अर्ध्या तासात रचना ठरली: चार ओळी, रुंद कीबोर्ड खाली, छोटे वर आणि दोन कीबोर्डांत किमान चार बोटं जागा. ती जागा सोडायला जिवावर येतं, पण सोडा. उचलताना हात घालायला तीच लागते.

भिंतीचं मात्र सविस्तर सांगावं लागेल, कारण तिथे मी आपटले. नव्या इमारतींत आतल्या भिंती बऱ्याचदा विटांच्या नसतात, हलक्या ब्लॉकच्या असतात. सगळे त्यांना सिपोरेक्सच म्हणतात. त्यात ड्रिल लोण्यात सुरी जावी तसं जातं आणि आपल्याला वाटतं, वा! मी नेहमीची सहा एमएमची प्लास्टिकची गिट्टी ठोकली, स्क्रू फिरवला, तर स्क्रूबरोबर गिट्टीही गोल फिरायला लागली. सकाळी उठले तर फळी सोफ्यावर आणि फळीखाली कीबोर्ड. सोफा होता म्हणून निभावलं. तेव्हा आधी एक भोक पाडून भुशाचा रंग बघा. लाल असेल तर वीट, करडा आणि कडक असेल तर काँक्रीट, पांढुरका पिठासारखा भुगा पडला तर ब्लॉक. ब्लॉकच्या भिंतीत ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा आणि त्याच भिंतीसाठी मिळणारे लांब नायलॉनचे प्लग वापरायचे. दुकानदाराला भिंत कसली आहे ते सांगा, नुसती "गिट्टी द्या" म्हणू नका.

त्याहून बरा उपाय म्हणजे सुट्या फळ्या ठोकायच्याच नाहीत. मी सहा बाय चार फुटांचा बारा एमएमचा प्लाय घेतला, वॉटरप्रूफ. भिंतीवर आधी उभ्या लाकडी पट्ट्या मारल्या आणि त्यांच्यावर प्लाय. वजन बारा ठिकाणी वाटलं गेलं. हिशेब करून बघा: एवढा प्लायच पंधरा-सोळा किलो भरतो, चौदा कीबोर्ड तेवढेच, वर फळ्या आणि दिवे. म्हणजे पस्तीस किलो धरून चाला. पट्ट्यांमुळे प्लायच्या मागे दोन सेंटिमीटर मोकळी जागा राहते. पावसाळ्यात भिंतीला ओल आली तरी ती प्लायला लागत नाही, दिव्यांच्या वायरीही तिथूनच खाली उतरतात.

प्लायवर चार आडव्या फळ्या बसवल्या, सहा सेंटिमीटर खोल, पुढे उभी पट्टी. कीबोर्डची स्पेसबारची कडा खाली टेकते आणि मागची बाजू प्लायला रेलते, जरासा आरामखुर्चीत बसल्यासारखा. ही पुढची पट्टी किती उंच ठेवायची याचा विचार नीट करा. मी सुतारकाकांना एक इंच सांगितलं. त्यांनी केलं. कीबोर्ड ठेवले तर सगळ्यांचे स्पेसबार अर्धे गायब, जणू कुणी रुमाल बांधून बसलंय. पुन्हा सगळं उतरवून पट्ट्या बारा एमएमपर्यंत रंधून घेतल्या. काका काही बोलले नाहीत, पण रंधा मारताना दोनदा माझ्याकडे बघितलं. मॉडेल एम मागून जाड आहे, म्हणून सर्वांत खालची फळी आठ सेंटिमीटर खोल आहे. फळीवर पातळ फेल्ट चिकटवा, नाहीतर पॉलिशवर चरे पडतात.

कीबोर्ड भिंतीला स्क्रूने किंवा दुहेरी टेपने चिकटवणारेही लोक आहेत. मला ते पाल भिंतीला चिकटल्यासारखं दिसतं. शिवाय टेप काढताना मागची लेबलं फाटतात आणि त्या लेबलातच अर्धी मजा असते.

दिवा पुण्यातल्या तापकीर गल्लीतून आणला: बारा व्होल्टची एलईडी पट्टी, ॲल्युमिनियमच्या पन्हळीत, वर दुधी झाकण, उजेड पिवळसर, ३००० केल्विनचा. दुधी झाकण नसेल तर प्रत्येक बटणावर ठिपक्यांची रांग चमकते. पट्टी प्लायच्या वरच्या कडेला, पण थोडी पुढे काढून लावा, म्हणजे उजेड वरून तिरका पडतो. तिरक्या उजेडाचं माझं कारण वेगळं आहे. माझ्या जुन्या टीव्हीएसवर त्या उजेडात इंग्रजी ई आणि डी ही दोन बटणं आरशासारखी चकाकतात आणि क्यू मात्र अजून खरखरीत, कोरं. मी इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिपींसाठीच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत, टाइप करते. तिथे ई म्हणजे काना आणि डी म्हणजे पाय मोडायची खूण. मराठीत काना किती वेळा लागतो ते त्या एका बटणाला विचारा. क्यूवर औकार, तो बिचारा "मौजे" आणि "चौकशी"पुरता. म्हणून झिजलेले कीकॅप, म्हणजे बटणांच्या वरच्या टोप्या, बदलून नवे लावायचे नाहीत, निदान भिंतीवरच्यांना तरी नाही. ज्यांना चकचकीत एकसारखं हवं त्यांनी जरूर बदलावेत, मला ते केस रंगवलेल्या फोटोसारखं वाटतं.

ऊन मात्र वैरी. आमच्या हॉलला पश्चिमेची खिडकी आहे. एका उन्हाळ्यात कडेच्या कीबोर्डचा स्पेसबार हळदीचा हात लागल्यासारखा झाला, बाकीची बटणं तशीच्या तशी. एबीएस प्लास्टिक उन्हाने असं पिवळं पडतं, पीबीटी नावाचं दुसरं प्लास्टिक बरंच टिकतं. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून पांढरं करता येतं, पण ते पुन्हा पिवळं पडू शकतं आणि लक्ष नसलं तर डागही राहतात. मी जाड पडदा लावला आणि दोन पीबीटीवाले त्या बाजूला सरकवले.

वायर कीबोर्डभोवती कधीही गुंडाळून ठेवू नका. हे वाक्य ठळक समजा. पेटीत ठेवलेल्या एका क्रीम रंगाच्या कीबोर्डला मी त्याचीच वायर घट्ट गुंडाळली होती. दोन वर्षांनी सोडली तर पाठीवर तीन खोल चर, कडा वितळल्यासारख्या, चिकट. मऊ पीव्हीसी वायरीतलं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि प्लास्टिक खातं. त्यावर इलाज नाही. आता वायर वेगळी गुंडाळून कागदात ठेवते. भिंतीवरच्यांच्या वायरी सुटत असतील तर काढून टाका. सुटत नसतील तर प्लायला प्रत्येकामागे एक भोक पाडा आणि मागच्या पोकळीत सोडून द्या.

धुळीसाठी काच लावू का, असं सगळे विचारतात. मी लावली नाही. काच आली की कीबोर्ड हातात घेणं संपतं. दर रविवारी दीड इंची मऊ रंगाच्या ब्रशने वरून खाली झटकते, दहा मिनिटं लागतात. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, कीकॅप काढून कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुते आणि सावलीत पूर्ण वाळवते. स्विचला पाणी लावायचं नाही. काढण्याआधी फोटो काढा. गेल्या वर्षी मी एन आणि एम उलटे बसवले आणि महिनाभर टाइप करूनही मला कळलं नाही, बोटं खाली बघतच नाहीत ना. भाच्याच्या लक्षात आलं.

प्लायच्या खाली बुटक्या सागवानी टेबलावर मराठी टाइपरायटर आहे, गोदरेजचा. गोदरेजने देशातला पहिला टाइपरायटर काढला १९५५ मध्ये, माझा बराच नंतरचा, टायपिंगचा क्लास बंद झाला तेव्हा मिळालेला. त्याला भिंतीवर चढवायचा विचारही करू नका, उचलताना कंबर बोलते. खाली जाड फेल्ट आणि वर रात्री सुती कापड, बस्स.

आणखी एक. चौदा कीबोर्डांसाठी पंधरा जागा ठेवा. नवा येतोच. आणि तो येईपर्यंत, तिसऱ्या ओळीत उजवीकडे जी रिकामी जागा आहे, तिथे सासूबाई चष्मा ठेवतात.