एक्लिप्सचा जुना प्रोजेक्ट उबुंटूवर नेला, माझा अनुभव

नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका संत्रा अडत्यासाठी जावा भाषेत बिलिंगचं सॉफ्टवेअर केलं होतं, विंडोजवर, एक्लिप्स या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये. आता लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, एक्लिप्सऐवजी तसंच दुसरं, इंटेलिजे घेतलं, म्हटलं फोल्डर उघडला की झालं. कुठचं काय, सगळीकडे चुकांच्या लाल रेघा!

एक्लिप्सची डॉट क्लासपाथ फाइल उघडली तर सगळ्या जारचे (जावाचा तयार कोड बांधलेल्या फाइलींचे) पत्ते डी ड्राइव्हचे पक्के लिहून ठेवलेले, आणि उबुंटूत डी ड्राइव्ह असतोच कुठे. मग लागणाऱ्या जार स्वतःच आणून बिल्ड करणारं मेव्हन लावलं, जारची नावं त्याच्या पॉम फाइलीत लिहिली, कोड त्याला लागतो तसा एसआरसी/मेन/जावा फोल्डरमध्ये हलवला. हे आधीच करायला पाहिजे होतं, पण तेव्हा आळस.

बिल्ड झालं पण बिलावरचा लोगो गायब. बाहेर पंचेचाळीस डिग्री, कूलरमधलं पाणी संपलेलं आन् मी दोन तास कोड वाचून राहिलो. कोडात नाव लहान लिपीत, फाइलीचा पहिला एल मोठा. विंडोजला चालतं, लिनक्सला नाही, तिथे लहान-मोठं अक्षर वेगळं धरतात. गिट एमव्ही या कमांडने फाइलीचं नाव बदललं, सुटलं.

मग अडत्याच्या विंडोजवर जार चालवली तर 'संत्रा' च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले इंग्रजी ए च ए! मालाची नावं मी याच वेळी वेगळ्या टेक्स्ट फाइलीत काढली होती ना, आणि तिकडे जावा ८. ते फाइल विंडोजच्या एन्कोडिंगने (अक्षरं साठवायच्या पद्धतीने) वाचतं, माझी फाइल होती यूटीएफ-८ या पद्धतीत, आणि जावा यूटीएफ-८ आपोआप धरतं ते २०२२ च्या जावा १८ पासून. कोडात फाइल वाचणारा फाइलरीडर काढून त्याजागी इनपुटस्ट्रीमरीडर लावला, त्याला यूटीएफ-८ सांगितलं. पुढचं बिल बरोबर निघालं, अडत्या भाऊ म्हणे आता फॉन्ट थोडा मोठा करून दे.