गाण्याआधीचं बोलणं

मागच्या आषाढीला उज्जैनला अभंगांचा कार्यक्रम केला. बिदागी ठरली १८,०००. तबल्याला ४,०००, पेटीला ४,०००, पखवाजाला ३,०००, इंदूरहून जाऊन-येऊन गाडी आणि चहा-नाश्ता २,०००. माझ्या हाती राहिले ५,०००, आणि त्यामागे पंधरा दिवसांच्या तालमी. हा हिशोब मी आकडा सांगण्याआधी वहीत मांडते. एकदा तोंडातून आकडा गेला की तो मागे घेता येत नाही.

मी इंदूरच्या लोकमान्य नगरात राहते, गाणं शिकवते, कार्यक्रम करते. माझ्याकडची मुलंमुली आता स्वतःचे कार्यक्रम घेऊ लागली आहेत, त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. याच इंदुरात होळकरांचा दरबार होता तेव्हा कलावंताला आश्रय होता. उस्ताद अमीर खाँसाहेबांचे वडील शाहमीर खाँ त्या दरबारात सारंगी वाजवत. आज तबलजीही आपण शोधायचा आणि दिवाणजीचं कामही आपणच करायचं.

फोन येतो तो असा: "ताई, आपल्याच घरचा गणपती आहे, दोन-चार गाणी म्हणा." बोलणारे काका लहानपणापासून ओळखतात, पैशांचं विचारायला जीभ रेटत नाही. तरी विचारायचं. किती वेळ, किती कलाकार, साउंड कोणाचा, गाडी कोणाची, पैसे केव्हा. मग त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवायचं. माझा मजकूर साधारण असा असतो:

"नमस्कार काका. १२ तारखेला सायं. ७ ते ९, अभंग व नाट्यपदं, चार कलाकार. बिदागी १८,०००. पैकी ६,००० तारीख पक्की करताना, उरलेले कार्यक्रम संपल्यावर लगेच. साउंड आपल्याकडून: पाच माइक, दोन मॉनिटर (कलाकारांकडे तोंड केलेले स्पीकर). कृपया 'मान्य' एवढं कळवावं."

'मान्य' आलं की तारीख वहीत पक्की. अॅडव्हान्सचा आग्रह धरा, निदान गणेशोत्सवात तरी. ते दहा दिवस आपल्या सुगीचे. एक संध्याकाळ आयत्या वेळी रद्द झाली तर ती दुसऱ्या कुणाला देता येत नाही. फुकट गायचं असेल तर मनापासून गा. एका देवळात मी दरवर्षी तशीच गाते, पण तेव्हाही साथीदारांचे पैसे माझ्या पर्समधून जातात. सेवा माझी, त्यांची नव्हे.

साथीदारांचे पैसे त्याच रात्री द्यायचे, गाडीत बसण्याआधी, पाकिटात. एका आयोजकाने माझे पैसे तीन महिने अडकवले होते. साथीला नवा मुलगा होता, त्याच्याकडे तबल्याची पुडी बदलायलाही पैसे नव्हते आणि तो मला काही बोलत नव्हता. मला ते फार उशिरा कळलं. त्यानंतर मी एका कार्यक्रमाच्या साथीइतकी रक्कम वेगळी काढून ठेवली आहे, तिला हात लावत नाही.

साउंडवाल्याला आदल्या दिवशी आपण फोन करायचा, आयोजकाच्या भरवशावर राहायचं नाही. कार्यक्रमाआधी तासभर पोचा. आधी डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतला मोठा, ऐका. माइक फार जवळ असेल तर तो घुमतो आणि तुमचे खर्जातले स्वर खातो. चार बोटं मागे सरकवायला सांगा. मग पेटी, मग गळा. मांडवात इको भरपूर ठेवतात, तो हात जोडून कमी करून घ्या, नाहीतर अभंगाचे शब्द एकमेकांवर चढतात. मॉनिटरमध्ये तानपुरा आणि पेटी मागा. साउंडवाल्या दादांचं नाव विचारून घ्या आणि कार्यक्रमात माइकवरून त्यांचे आभार माना.

मोठ्या संस्था पैसे देतानाच त्यातून कर, म्हणजे टीडीएस, कापतात. पॅन द्या, आणि कापलेली रक्कम आयकराच्या पोर्टलवर आपल्या नावावर दिसते का ते पाहा. अनेक कलाकार रिटर्नच भरत नाहीत आणि तो पैसा तसाच सोडून देतात.

आता रेकॉर्डिंग. इथे मी स्वतः चुकले आहे. तुकोबांचा एक अभंग गाऊन यूट्यूबवर टाकला आणि दोन दिवसांत त्यावर क्लेम आला, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी हक्क सांगितला. शब्द तुकोबांचे, सतराव्या शतकातले, त्यांवर आता कुणाचा कॉपीराइट नाही. पण मी गायले ती चाल होती आपल्या काळातल्या संगीतकाराची. चालीवरचा हक्क संगीतकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. म्हणून मुलांना सांगते, अभंग घ्या, पण रेकॉर्ड करायचा तर चाल स्वतः बांधा. पहिल्या चाली कच्च्या होतील, होऊ द्या. त्या तुमच्या असतील.

नवी कविता घेतलीत तर कवीबरोबर एक कागद करा: गाण्याचं नाव, शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणाचा किती टक्के वाटा, दोघांच्या सह्या, तारीख. हे गाणं बाहेर पडण्याआधी. एका मैत्रिणीच्या कवितेला मी चाल लावली, कागद केला नाही, आणि गाणं लोकांना आवडू लागल्यावर आमच्यात अबोला आला. तो अजून सुटलेला नाही.

शब्द किंवा चाल तुमची असेल तर आयपीआरएसचे सभासद व्हा. गीतकार आणि संगीतकारांची रॉयल्टी ही संस्था गोळा करते. २०१२च्या कायदादुरुस्तीमुळे हक्क कंपनीला लिहून दिले तरी रॉयल्टीतला आपला वाटा राहतो. तरीही करार पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका. डिस्ट्रिब्युटरकडून, म्हणजे गाणं स्ट्रीमिंग अॅपवर पोचवणाऱ्या कंपनीकडून, गाणं चढवताना प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक मिळतो, तो वहीत उतरवा. डिस्ट्रिब्युटर बदललात तर तोच पुन्हा द्यायचा, म्हणजे गाण्याची आधीची मोजणी जुळलेली राहते. आणि स्ट्रीमिंगवर घर चालेल असं धरून चालू नका. स्पॉटिफायवर एका गाण्याला वर्षात १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय रेकॉर्डिंगचे पैसे मिळतच नाहीत. आपलं घर मैफली आणि शिकवण्यांवर चालतं. रेकॉर्डिंग मी करते ते पुढची मैफल मिळावी म्हणून, आणि चाल टिकावी म्हणून.

चाल सुचली की मी पेटीपाशी जाण्याआधी मोबाइलवर गुणगुणून ठेवते, स्वयंपाकघरात असले तर कुकरच्या शिट्टीसकट. मग तीच फाइल कवीला पाठवते. तारीख आपोआप पडते, आणि कागदावर काय लिहायचं ते बोलणं तिथूनच सुरू होतं.