थडग्यातल्या वस्तू काय सांगतात? वाचताना या चुका टाळा

इनामगावात घरांच्या जमिनीखाली दोन-दोन मडकी सापडली. आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली, आणि आत लहान मुलाची हाडं. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची ही वस्ती. मोठ्या माणसांना तिथं उताणं निजवून पुरलेलं होतं आणि त्यांची पावलं घोट्यापासून तोडलेली होती. हे ऐकल्यावर बहुतेकांचं पुढचं वाक्य तयारच असतं: 'मेलेला चालत परत येऊ नये म्हणून.' असेलही. पण मातीत दिसलं ते एवढंच, की पावलं तोडली होती. का तोडली, हा आपला अंदाज. नोंदवहीत या दोन गोष्टी वेगळ्या रकान्यांत लिहायची सवय लावून घ्या. पुढच्या बहुतेक चुका हे रकाने एकत्र झाल्यानं होतात.

वस्तू बघून माणूस ठरवणं

सगळ्यांत जुनी चूक हीच. तलवार दिसली की पुरुष, मणी दिसले की बाई.

१८२३ मध्ये वेल्समधल्या पॅव्हिलँडच्या गुहेत विल्यम बकलंड यांना गेरूनं लाल झालेला सांगाडा मिळाला. सोबत हस्तिदंती कड्या, शिंपले. दागिने आहेत म्हणजे बाई, असं ठरलं, आणि तिला रोमन काळात बसवलं गेलं. 'रेड लेडी' हे नाव अजून चिकटलेलं आहे. प्रत्यक्षात तो एक तरुण पुरुष होता, तीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा, आणि त्या कड्या मॅमथच्या दाताच्या होत्या.

याच्या उलट स्वीडनमधल्या बिर्काचं. १८७८ मध्ये तिथं व्हायकिंग काळातलं एक थडगं उघडलं. तलवार, कुऱ्हाड, भाले, बाण, ढाली, दोन घोडे आणि पटावरच्या खेळाच्या सोंगट्या. असा योद्धा पुरुषच असणार, यावर शंभराहून अधिक वर्षं कुणी फारशी शंका घेतली नाही. मग हाडांच्या तपासणीत बाईची लक्षणं दिसली आणि २०१७ मध्ये डीएनएनं ती बाईच असल्याचं सांगितलं. यानंतर जे झालं त्यातून मी सर्वांत जास्त शिकलो. लगेच प्रश्न आले: हाडं दुसऱ्या थडग्यातली मिसळली नसतील ना? तिथं आणखी कुणी पुरलेलं नव्हतं ना? शस्त्रं तिचीच कशावरून? हे प्रश्न अगदी रास्त आहेत. पण सांगाडा पुरुषाचा मानला जात होता, तेव्हाही ते तेवढेच रास्त होते. तेव्हा ते विचारलेच गेले नव्हते.

उपाय सरळ आहे. आधी हाडं, मग वस्तू. प्रौढ सांगाड्यात कटीच्या हाडांवरून स्त्री-पुरुष बऱ्यापैकी ओळखता येतं. हाडं खराब झाली असतील तर दातांच्या इनॅमलमधल्या प्रथिनांवरून किंवा डीएनएवरून ठरवता येतं. लहान मुलांच्या बाबतीत नुसत्या हाडांवरून काहीच ठरवू नका, कारण वयात येण्यापूर्वी सांगाड्यात तो फरक पुरेसा उमटलेलाच नसतो. कुठल्याही लेखात 'मुलीचं थडगं' असं वाचलंत, तर ते कशावरून ठरवलं हे आधी शोधा. मणी सोडून दुसरं कारण दिलेलं नसेल, तर ते वाक्य बाजूला ठेवा.

सोनं मोजून मोठेपणा मोजणं

बल्गेरियातल्या वार्ना इथं १९७२ मध्ये दफनभूमी सापडली. तिथल्या ४३ क्रमांकाच्या थडग्यातल्या पुरुषासोबत सुमारे दीड किलो सोनं होतं, आणि तेही साडेसहा हजार वर्षांपूर्वीचं. हा राजाच, असं पटकन तोंडात येतं. पण त्याच दफनभूमीत काही थडगी अशीही आहेत, की सोनं भरपूर आणि माणूस पुरलेलाच नाही. तिथं ते सोनं कुणाची श्रीमंती सांगतं? कुणी मरताना आपलं थडगं स्वतः भरत नाही. मागे उरलेले ते भरतात. त्यांचं दुःख, त्यांची ऐपत, गावासमोर दाखवायचा मान, मृताची भीती, हे सगळं त्या खड्ड्यात उतरतं.

रशियातल्या सुंगीर इथं दोन मुलगे डोक्याला डोकं लागेल असे पुरलेले आहेत, सुमारे ३४,००० वर्षांपूर्वीचे. मॅमथच्या दाताचे दहा हजारांहून अधिक मणी त्यांच्या अंगावर होते. एकाच्या मांडीची हाडं वाकलेली. इतके मणी कोरायला कितीतरी हात आणि कितीतरी दिवस लागले असतील. दहा-बारा वर्षांच्या पोरांनी ते कमावलेले नसणार, एवढं नक्की. इजिप्तचा राजा तूतनखामेन याच्या थडग्यातसुद्धा त्याचे आतले अवयव ठेवलेल्या छोट्या सोन्याच्या पेट्या मुळात दुसऱ्याच राज्यकर्त्यासाठी घडवल्या होत्या. आतलं नाव नंतर बदललेलं आहे.

शस्त्रांचंही तसंच. इंग्लंडमध्ये ५व्या ते ७व्या शतकांतल्या थडग्यांत भाल्यांसारखी शस्त्रं अशा मुलांजवळही मिळतात, ज्यांना ती पेललीच नसती.

आणि साधं थडगं म्हणजे गरीब माणूस, हेही गृहीत धरू नका. हडप्पा संस्कृतीच्या कारागिरांनी घडवलेले अकीकाचे मणी मेसोपोटेमियातल्या उरच्या राजघराण्याच्या थडग्यांत मिळाले. त्यांच्या स्वतःच्या दफनांत मात्र बहुतेक वेळा मडकी, थोडे मणी, शंखाच्या बांगड्या एवढंच. संपत्ती होती. ती मातीत घालायची नाही, अशी रीत असावी.

मग दर्जा ओळखायचा कसा? शेजारच्या थडग्यांशी तुलना करून, आणि जागा बघून. इनामगावात एक प्रौढ पुरुष चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला मिळाला. वस्तीच्या मध्यभागी, पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात. त्याच घरात धान्याचं कोठारही होतं. बाकीच्यांपेक्षा वेगळी रीत आणि गावात मोक्याची जागा, या दोन्ही एकत्र आल्या की मग 'हा कुणीतरी मोठा असावा' म्हणायला आधार मिळतो.

उरलं तेवढंच होतं, असं समजणं

इंग्लंडमधल्या सटन हू इथं १९३९ मध्ये अख्खी नाव पुरलेली सापडली, सुमारे २७ मीटर लांब. शिरस्त्राण, सोन्याची बक्कल, नाण्यांची पिशवी, सगळं होतं आणि प्रेत नव्हतं. काहींना वाटलं, हे नुसतं स्मारक असेल. पण तिथली वाळू आम्लधर्मी आहे, ती हाडं विरघळवते. पुढच्या तपासणीत मातीत शरीर कुजल्यावर उरणारा फॉस्फेट मिळाला, म्हणजे शरीर बहुधा होतं.

अगदी उलटं डेन्मार्कच्या एग्टवेडमध्ये झालं. १९२१ मध्ये ओकच्या खोडाच्या शवपेटीत सोळा-अठरा वर्षांच्या मुलीची लोकरीची वस्त्रं, केस, नखं आणि दात मिळाले, हाडं जवळपास नाहीशी झालेली. पायांशी भूर्जाच्या सालीची बादली आणि तिच्या तळाशी पेयाचा साका. पेटीत यॅरो नावाच्या रानफुलाचा तुरा होता, त्यावरून तिला उन्हाळ्यात पुरलं हे कळतं. झाडाच्या वर्तुळांवरून वर्ष मिळालं इसवी सनपूर्व १३७०. कोरड्या जमिनीत हीच मुलगी पुरली असती तर हाती एक कांस्याची चकती आणि दोन-चार कड्या लागल्या असत्या, आणि आपण तिच्याबद्दल चार ओळी लिहिल्या असत्या. म्हणून यादी वाचताना आधी माती कसली आहे ते विचारा.

याच मुलीच्या निमित्तानं आणखी एक धडा. २०१५ मध्ये स्ट्राँशियम या मूलद्रव्याच्या तपासणीवरून ती दूरच्या प्रदेशातून आल्याचं जाहीर झालं. पद्धत चांगली आहे: खडकातल्या स्ट्राँशियमच्या प्रकारांचं प्रमाण जागेगणिक वेगळं असतं, ते पाण्या-अन्नातून शरीरात येतं, आणि बालपणी बनलेल्या इनॅमलमध्ये ते जन्मभर राहतं. पण तुलनेसाठी त्या भागाचं खरं मूल्य माहीत हवं. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं, की आजच्या शेतांत टाकलेल्या चुन्यामुळे तिथल्या पाण्यातलं मूल्यच बदललेलं आहे, आणि ती स्थानिकही असू शकते. 'परदेशी', 'स्थलांतरित' असे शब्द वापरण्यापूर्वी तुलनेचा नकाशा कसा बनवला, ते बघा.

काही अडचणी आणि आधी काय तपासावं

हाडं विस्कटलेली असली की लगेच हल्ला किंवा नरबळी म्हणू नका. उंदीर, मुळं, पाणी, दरोडेखोर, आणि मांस गळून गेल्यावर हाडं गोळा करून पुन्हा पुरण्याची रीत, हे सगळं आधी बाद करा. इराकमधल्या शानिदार गुहेत निअँडरथल या नामशेष मानवप्रकारातल्या माणसाभोवती फुलांचे परागकण मिळाले आणि 'फुलं वाहून निरोप दिला' ही गोष्ट जगभर गेली. मलाही ती फार आवडायची. पण ते पराग बिळं करणाऱ्या उंदरांनी किंवा मधमाश्यांनी आणले असण्याची शक्यता अभ्यासकांनी पुढे मांडली आहे.

कार्बन तपासणीतून आलेला काळ जुळत नसेल तर नमुना कशाचा होता ते पाहा. म्हाताऱ्या झाडाच्या गाभ्याचा कोळसा थडग्यापेक्षा शेकडो वर्षं जुना निघू शकतो. मासे खाऊन जगणाऱ्यांची हाडंही खऱ्यापेक्षा जुनी दिसतात.

'तेव्हा लोक तिशीतच मरायचे' हे सरासरी वाचून म्हणू नका. बालमृत्यू सरासरी खाली ओढतात. मोठं झालेलं माणूस पन्नाशी-साठीही गाठायचं.

आणि शेतात किंवा पायाच्या खड्ड्यात जुनं मडकं लागलं तर ते बाहेर काढू नका, रिकामं करू नका, धुऊ नका. फोटो काढा, जागेवरच झाका आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. आतली माती चाळल्यावर कधीकधी तांदळाच्या दाण्याएवढे न उगवलेले दुधाचे दात मिळतात. मूल जन्मल्यानंतर काही दिवस तरी जगलं असेल, तर त्या दाताच्या इनॅमलमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली एक बारीक रेघ दिसते, जन्माच्या वेळची. ती रेघ आहे की नाही, यावरून ते बाळ जन्मतः किंवा लगेचच गेलं, की आईनं त्याला काही दिवस कुशीत घेतलं होतं, हे सांगता येतं.