नवे साधन पाचव्या महिन्यात का संपते

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या किंवा तालुक्याच्या भांडारात औषध निर्माण अधिकारी म्हणून रुजू झालात की कुटुंब नियोजनाची साधने तुमच्या ताब्यात येतात. निरोध, माला-एन, कॉपर-टी यांचा खप वर्षानुवर्षे ठरल्यासारखा असतो. मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढायची, इंडेंट (मागणीपत्र) टाकायचा, झाले काम. हाच हिशेब अंतरा (गर्भनिरोधक इंजेक्शन) आणि छायाला (आठवड्याच्या हिशेबाने घ्यायची गर्भनिरोधक गोळी) लावला की गाडी घसरते. केंद्र सरकारने २०१७ मध्ये ही दोन्ही साधने ज्या दहा राज्यांपासून सुरू केली त्यांत महाराष्ट्र आणि गोवाही होते. पण एखाद्या केंद्रातल्या डॉक्टरांचे प्रशिक्षण आत्ता झाले असेल, तर त्या केंद्रापुरते साधन नवेच असते.

अंतराचे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे. समजा, तुमच्या केंद्रात दर महिन्याला १० नव्या महिला येतात. त्यांतल्या ६ दुसऱ्या डोसला परत येतात, ४ तिसऱ्याला आणि ३ चौथ्याला. पहिले तीन महिने तुम्हाला दरमहा १० व्हायल (एका डोसच्या बाटल्या) लागतील. चौथ्या महिन्यात १० नव्या आणि ६ जुन्या, म्हणजे १६. सातव्यापासून २०, दहाव्यापासून २३. आता तिसऱ्या महिन्याअखेर सरासरी काढली तर ती येते १०, आणि तीन महिन्यांसाठी तुम्ही मागवता ३०. चौथ्या महिन्यात १६ गेल्या, उरल्या १४. पाचव्या महिन्यात १६ हव्यात. म्हणजे महिना संपायच्या आत कपाट रिकामे, आणि सहावा महिना पूर्ण कोरडा. कुणी चोरले नाही, कुणी आळस केला नाही. सरासरी मागे पाहते आणि खप पुढे चाललेला असतो, एवढेच.

उलट बाजूची चूकही तितकीच होते. वर्षभरात १२० महिला, प्रत्येकी ४ डोस, म्हणून ४८० मागवायचे. वरच्या हिशेबाने पहिल्या वर्षी प्रत्यक्षात लागतात ३०, ४८, ६० आणि ६९, एकूण २०७. निम्म्याहून जास्त माल पडून राहील. परत येण्याचे प्रमाण आमच्या उदाहरणातून उचलू नका. आरोग्यसेविकेकडच्या नोंदवहीत प्रत्येक महिलेची पुढच्या डोसची तारीख असते. पुढच्या तीन महिन्यांत किती तारखा येतात ते मोजा, त्यातल्या साधारण किती जणी येतात ते मागच्या पानांवरून पाहा आणि नव्या महिलांचा आकडा त्यात मिळवा. सगळ्या अंदाजपत्रकांपेक्षा ही वही खरी. येणाऱ्या तीन महिन्यांच्या या गरजेतून हातातली शिल्लक वजा करा, वाटेत असलेला माल वजा करा, एक महिन्याचा राखीव साठा वाढवा. उरेल तो इंडेंट.

छायाचे चक्र नेमके उलटे. पहिले तीन महिने आठवड्याला दोन गोळ्या, पुढे आठवड्याला एक. पहिल्या १३ आठवड्यांत २६ गोळ्या, म्हणजे ८ गोळ्यांच्या ४ स्ट्रिप द्याव्या लागतात. त्यानंतर प्रत्येक तिमाहीला १३ गोळ्या, २ स्ट्रिप पुरतात. शिबिरानंतर एकदम चाळीस महिला सुरू झाल्या तर त्या तिमाहीचा खप बघून हुरळून पुढचा इंडेंट टाकू नका.

साठा संपला की दुसरा घोळ सुरू होतो. महिन्यातले १८ दिवसच माल होता आणि १२ व्हायल गेल्या, तर नोंदवहीत खप १२ दिसतो. खरी गरज ३० दिवसांची, म्हणजे २० होती. १२ वर पुढची मागणी केली की पुढचा तुटवडा आजच ठरला. म्हणून नोंदवहीत शिल्लक शून्य झाल्याची तारीख आणि माल आल्याची तारीख लाल शाईने लिहा.

‘अंतराचा डोस चार आठवडे उशिरा चालतो ना?’ असे कुणीतरी म्हणेलच. चालतो, पण ती सवलत महिलेसाठी आहे, भांडारासाठी नाही. ती मुदत उलटली की गर्भधारणा नाही याची खात्री करून पुन्हा सुरुवात करावी लागते, आणि रिकाम्या हाताने परत गेलेली महिला आशाताईंनी कितीही बोलावले तरी सहजी येत नाही.

तालुक्याला बसलात तर वाटपात एक मोह होतो: सगळ्या केंद्रांना सारखे. जिथे प्रशिक्षित डॉक्टर नाहीत तिथे अंतरा मुदत संपेपर्यंत पडून राहते आणि जिथे रांग लागते तिथे ती नसते. केंद्रनिहाय प्रशिक्षितांची यादी भिंतीवर लावा आणि बदल्यांच्या हंगामानंतर ती नव्याने करा. एखाद्या केंद्रात मुदतीला सहा महिने उरले आणि खप नसेल, तर माल शेजारच्या केंद्रात हलवा. मार्चअखेरीची वाट पाहू नका. आधी मुदत संपणारा माल आधी द्यायचा, हे सांगायला नकोच.

साठवण. इंजेक्शन म्हटले की हात आयएलआरकडे (लशींच्या फ्रीजकडे) जातो. अंतरा लस नव्हे; ती १५ ते ३० अंशांत, व्हायल उभी ठेवून सांभाळायची, गोठू द्यायची नाही. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत हे जमत नाही, तेव्हा जागा आधीच शोधा. व्हायल आडवी राहिली की औषध काचेच्या बाजूला चिकटून बसते; नीट हलवली नाही तर डोस अर्धवट जातो. आलेल्या व्हायलइतक्याच सिरिंज आल्या का, तेही मोजा. ४० व्हायल आणि २५ सिरिंज म्हणजे तुमच्याकडे २५ डोस आहेत.

एफपी-एलएमआयएसवर (कुटुंब नियोजन साधनांच्या साठ्याची संगणकीय नोंद प्रणाली) नोंद करताना एकक तपासा. छाया स्ट्रिपमध्ये की गोळ्यांत, अंतरा व्हायलमध्ये की खोक्यांत, एवढ्यावरून शंभराचे हजार होतात. माल हातात आला की त्याच दिवशी पोच नोंदवा. नाहीतर प्रणालीत तो वाटेतच राहतो आणि वरच्याला तुमच्याकडे काय आहे ते कळत नाही.

इम्प्लांट (दंडाच्या त्वचेखाली बसवायची गर्भनिरोधक कांडी) तुमच्या जिल्ह्यात आले तर हिशेब आणखी लांबतो. त्याचा अनुभव आफ्रिकेत आधी आला. २०१३ मध्ये दोन मोठ्या उत्पादकांशी करार होऊन गरीब देशांसाठीची किंमत सुमारे १८ डॉलरवरून ८.५० डॉलरवर आली आणि माल मिळू लागला. मग अडचण निघाली ती काढण्याची. एका कांडीचे इम्प्लांट तीन वर्षे चालते, म्हणजे आज बसवलेले तीन वर्षांनी काढायला येईल, आणि रक्तस्रावाच्या बदलामुळे काही महिला त्याआधीच येतील. बसवायला लिग्नोकेन (जागा बधिर करण्याचे औषध), निर्जंतुक हातमोजे, गॉज आणि पट्टी लागते. काढायला त्याशिवाय स्कॅल्पेल ब्लेड आणि बारीक चिमटा. हा संच पहिल्या खेपेबरोबरच मागवा, आणि काढण्याचे प्रशिक्षण घेतलेली निदान एक व्यक्ती केंद्रात आहे का, हे खोके उघडण्याआधी विचारा.