स्टुडिओ अपग्रेड करण्याआधी जुनी गाणी कशी बाहेर काढावीत

दिवाळीच्या सेलच्या सुमारास घरी गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांचे मला हमखास फोन येतात. "नवा लॅपटॉप घेतोय, इंटरफेसपण (माइक लॅपटॉपला जोडायची डबी) बदलतो, रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलंय, एकदमच उरकून टाकू का?" मी उलटं विचारतो, "जुनी गाणी सॉफ्टवेअरमधून बाहेर काढलीत का?" पलीकडे शांतता. मग उत्तर येतं, "फाइली आहेत की हार्ड डिस्कवर."

हार्ड डिस्कवर फाइल आहे म्हणजे गाणं उघडेलच असं नाही. मला हे महागात पडून कळलंय, त्याबद्दल पुढे. आधी खरेदीचं आटपू, त्यात अवघड असं काही नाही.

सॉफ्टवेअर एकच घ्या आणि त्यातच वर्षभर काम करा. रीपर ६० दिवस वापरून बघता येतं आणि घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरचा आहे. त्यावर पुढचं मोठं व्हर्जनही चालतं. एफएल स्टुडिओ एकदा घेतलं की पुढची व्हर्जनं फुकट मिळतात. एबलटन लाइव्ह आणि क्यूबेसला मात्र प्रत्येक मोठ्या व्हर्जनला पैसे मोजावे लागतात. घेताना आजची किंमत बघू नका, पाच वर्षांची बेरीज करा. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर मला दाखवायलाही आणू नका. लॅपटॉप बदलला की सगळ्यात आधी तेच मान टाकतं.

इंटरफेस दोन इनपुटचा पुरतो. तबला-डग्ग्याला दोन माइक लावले की दोन्ही इनपुट संपले, गायक नंतर घ्यायचा. अख्खं भजनी मंडळ एका बैठकीत घ्यायचं असेल तरच चार इनपुटचा बघा. जुना घेत असाल तर ४८ व्होल्ट (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) चालू करून तसा माइक लावून बघा, बटणं फिरवताना खरखर येते का ऐका, आणि तुमच्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर आहे का, ते पैसे देण्याआधी तपासा. सोबत आलेलं फुकट सॉफ्टवेअर पहिल्या मालकाने वापरून टाकलेलं असतं, त्याचे पैसे मोजू नका. फायरवायरचा, म्हणजे जुन्या जोडणीचा, इंटरफेस कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

रॅम १६ जीबी, डिस्क एसएसडी. जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर बऱ्याचदा नव्या लॅपटॉपची गरजच उरत नाही.

आणि सांगलीत राहून कुणी तानपुऱ्याची सॅम्पल लायब्ररी (आधीच रेकॉर्ड केलेल्या सुरांचा संच) डॉलर देऊन घेतली की मला हसावं की रडावं कळत नाही. दहा-बारा किलोमीटरवर मिरजेची सतारमेकर गल्ली आहे. तिथल्या तानपुऱ्याला २०२४ साली जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. ओळखीतल्या कुणाकडे तरी तानपुरा असतोच. एक दुपार त्यांच्याकडे जा, तुमच्या पट्टीत लावून घ्या, दहा मिनिटं रेकॉर्ड करा, जन्मभर पुरेल.

आता अवघड भाग.

काही वर्षांपूर्वी आमच्या भजनी मंडळाचे सात अभंग मी घरी रेकॉर्ड केले. मुख्य गायक अण्णा, पंचाहत्तरीच्या पुढचे. त्या दिवशी पेटीवाला आला नाही, म्हणून पेटी मी कीबोर्डवर प्लगइनने (सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमने) वाजवली. अर्धं मिक्सिंग झालं होतं. तेवढ्यात नवा लॅपटॉप आला आणि एका रविवारी मी सगळंच नवं करून टाकलं: विंडोज, सॉफ्टवेअर, झाडून सगळे प्लगइन. प्रोजेक्ट उघडला तर अण्णांचा आवाज तुकड्यातुकड्यांत, सुरावटीची दुरुस्ती गायब, आणि पेटीच्या जागी एक करडा चौकोन: प्लगइन सापडत नाही. ते प्लगइन ३२-बिट होतं, नवं सॉफ्टवेअर फक्त ६४-बिट घेत होतं, आणि ज्यांनी ते बनवलं त्यांनी दुकान केव्हाच बंद केलं होतं. इथपर्यंत निभावलं असतं. पण मी सवयीने कंट्रोल-एस दाबलं. प्रोजेक्ट नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह झाला आणि जुनं व्हर्जन तो उघडेना.

पुन्हा रेकॉर्ड करावं म्हटलं तर अण्णा तोवर काळी दोन पट्टीवरून खालच्या पांढरी एकवर आले होते. आज त्या सात अभंगांचं जे आहे ते म्हणजे मी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली कच्ची एमपीथ्री.

म्हणून हे काम नवं खोकं फोडायच्या आधी, जुन्याच लॅपटॉपवर, जुन्याच व्हर्जनमध्ये करायचं.

प्रत्येक ट्रॅक (एकेका वाद्याची किंवा आवाजाची ओळ) वेगळा वेव्ह फाइल म्हणून रेंडर करा, म्हणजे सॉफ्टवेअरमधून बाहेर काढा, आणि प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या अगदी शून्यापासून. ढोलकी दुसऱ्या मिनिटाला येत असली तरी तिची फाइल शून्यावरच सुरू झाली पाहिजे, आधीची शांतता धरून. कुणी सांगेल, रेकॉर्डिंगचं फोल्डर कॉपी केलं की झालं. नाही झालं. त्या फोल्डरात पन्नास तुकडे असतात आणि कुठला तुकडा कुठे बसतो हे फक्त प्रोजेक्ट फाइलला माहीत असतं. शून्यापासूनच्या फाइली मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये डावीकडे टेकवून ठेवल्या की आपोआप जुळतात.

दोन संच काढा, एक इफेक्टसह आणि एक कोरा. पुढे रीव्हर्ब (घुमारा) बदलावासा वाटला तर कोरा लागतो, आणि रीव्हर्बचं प्लगइनच गेलं तर इफेक्टवाला. शेवटी आठ-दहा सेकंद जास्त घ्या, नाहीतर रीव्हर्बची शेपटी कापली जाते. सगळ्यांचा मिळून एक रीव्हर्ब असेल तर त्याचीही वेगळी फाइल काढा.

इथे तीन खड्डे आहेत आणि तिन्हीत मी पडलोय. मास्टरवरचा, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथला, लिमिटर (आवाजाची शिखरं दाबणारं प्लगइन) बंद करा. तो चालू राहिला तर प्रत्येक ट्रॅक एकेकटा त्यातून जातो आणि पुन्हा एकत्र केल्यावर मूळ गाणं मिळत नाही. नॉर्मलाइझची (प्रत्येक फाइल आपोआप कमाल आवाजाला नेण्याची) खूण काढा. ती राहिली तर टाळ आणि गायक एकाच उंचीवर येऊन बसतात आणि तुमचं मिक्सिंग पाण्यात. तिसरा खड्डा सॅम्पल रेटचा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले त्याचा. गाणं ४४.१ किलोहर्ट्झवर असेल तर फाइलीही ४४.१ वरच काढा, उगाच ४८ करू नका. ४४.१ ची फाइल चुकून ४८ ने वाजली तर काळी एकचं गाणं पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी लटकतं, लयही चढते, आणि तुम्ही दोन दिवस ट्यूनर शोधत बसता. बिट २४ ठेवा.

जागेचं रडगाणं नको. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो म्हणजे मिनिटाला साधारण ८.६ एमबी. पाच मिनिटांच्या, सोळा ट्रॅकच्या गाण्याचा एक कोरा संच सातशे एमबीच्या आत बसतो. फक्त या संचात मोनो ट्रॅक मोनोच काढा, स्टीरिओ केलात तर दुप्पट जागा फुकट जाते.

कीबोर्डवर वाजवलेलं सगळं मिडी फाइल (कुठला सूर कधी वाजवला याची नोंद) म्हणूनही काढा. मग एक साधी टेक्स्ट फाइल: टेम्पो, पट्टी, सॅम्पल रेट, कुठल्या ट्रॅकवर कुठलं प्लगइन आणि त्याचं व्हर्जन. सेटिंग लिहायचा कंटाळा आला तर मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा.

आता जी पायरी सगळे गाळतात, ती. नवा कोरा प्रोजेक्ट उघडा, इफेक्टवाला संच त्यात टाका, सगळे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या दांड्या) शून्य डेसिबलवर ठेवा. जुनं मिक्सही, तेही मास्टरचा लिमिटर बंद ठेवूनच काढलेलं, शेजारच्या ट्रॅकवर टाकून त्याची फेज उलटी करा (लाटेची वरची बाजू खाली). दोन्ही एकदम वाजवल्यावर जवळपास शांतता ऐकू आली पाहिजे. रीव्हर्बची थोडी कुजबुज राहिली तर चालेल. पण एखादं वाद्य स्वच्छ ऐकू आलं तर तोच ट्रॅक चुकलाय. प्रत्येक गाण्याला अर्धा तास जातो. जाऊ द्या.

प्रती दोन, आणि दुसरी दुसऱ्याच्या घरी. २०१९ चा पूर पाहिलेल्या सांगलीकराला याचं कारण सांगायला नको. माझी विश्रामबागेत बहिणीकडे आहे, तिसऱ्या मजल्यावर.

एवढं झालं की अपग्रेडला काही अर्थ राहतो. एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी लॅपटॉप, त्यावर जुनंच व्हर्जन टाकून आठवडाभर काम करा, मग इंटरफेस, सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. सगळं एकदम बदललं की बिघाड कुणाचा ते शोधता येत नाही. नव्या व्हर्जनमध्ये जुना प्रोजेक्ट उघडलात की कशालाही हात लावण्याआधी वेगळ्या नावाने सेव्ह करा. जुन्या व्हर्जनचा इन्स्टॉलर डाउनलोड करून जपून ठेवा, कंपन्या तो कायम ठेवतीलच असं नाही. परवाने जुन्या मशीनवरून डीॲक्टिव्हेट करा. बफर (सॉफ्टवेअर एका वेळी किती आवाज हातात घेतं तो आकडा) रेकॉर्डिंगला १२८, मिक्सिंगला १०२४, बाकी काही बघू नका.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून दुकानदार जुना लॅपटॉप एक्स्चेंजमध्ये मागतात. देऊ नका. त्याचे जे काही दोन-तीन हजार मिळतील त्यापेक्षा तो कपाटात बरा. माझा आहे, वायफाय बंद करून, जुन्या व्हर्जनसह. मागच्या महिन्यात एका मित्राचा बारा वर्षांपूर्वीचा प्रोजेक्ट त्यावरच उघडला, करडा चौकोन एकही नव्हता. लगेच बसून आधी त्याचे सगळे ट्रॅक शून्यापासून काढले, चहा नंतर घेतला.