मुलांना डिजिटल सुगम्यता शिकवायची तर माऊस आधी बाजूला ठेवा

ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा ज्यांचे हात नीट चालत नाहीत, त्यांनाही वेबसाइट, अ‍ॅप किंवा फाइल कुणाच्या मदतीशिवाय वापरता यावी, ही डिजिटल सुगम्यता. व्याख्या पाठ करून घेऊ नका. हा विषय हातांनी करून शिकण्याचा आहे.

१. फक्त कीबोर्ड. ओळखीच्या एखाद्या वेबसाइटवर काहीतरी शोधायला सांगा, पण माऊसशिवाय. टॅब दाबलं की पुढच्या बटणावर किंवा लिंकवर, शिफ्ट धरून टॅब दाबलं की मागे, आणि एंटरने लिंक उघडते. थोड्याच वेळात मुलं बोलू लागतात: ‘आपण कुठे आहोत तेच दिसत नाही’, ‘या बटणापर्यंत पोचताच येत नाही’. प्रत्येक तक्रार त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहा. पुसू नका, पुढे लागेल.

२. पडदा ऐका. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर म्हणजे स्क्रीन रीडर. अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर असतं. विंडोजसाठी एनव्हीडीए मोफत मिळतं. वर्गात नेण्याआधी ते बंद कसं करायचं हे स्वतः शिकून घ्या, कारण ते सुरू झालं की फोनला केलेला एक स्पर्श फक्त वाचून दाखवतो, उघडायला दोनदा टॅप करावं लागतं. स्क्रीन रीडरसाठी लिहिलेलं वर्णन नसलेल्या चित्रापाशी आवाज काय म्हणतो ते मुलांना ऐकू द्या. बऱ्याचदा नुसतं ‘चित्र’, नाहीतर फाइलचं अगम्य नाव.

डोळ्यांवर पट्टी बांधायचा खेळ मात्र कृपया टाळा. त्यात पहिल्या काही मिनिटांचा गोंधळ तेवढा कळतो. वर्षानुवर्षं स्क्रीन रीडर वापरणाऱ्याचा वेग आणि कसब दिसत नाही, आणि मुलं मनात फक्त कीव घेऊन उठतात. त्याऐवजी असा एखादा वापरकर्ता वर्गात बोलवा, योग्य मानधन द्या आणि त्याला नेहमीच्या गतीने काम करून दाखवू द्या. वर्गातल्याच एखाद्या दिव्यांग मुलाला उदाहरण म्हणून उभं करू नका.

३. स्वतःचं काम दुरुस्त करा. खरं शिक्षण इथे होतं. प्रत्येकाने आपलंच जुनं प्रेझेंटेशन उघडावं. चित्राचं वर्णन एकाने लिहावं, जोडीदाराने चित्र न पाहता ते वाचून काय समजलं ते सांगावं. झाडाचा तोच फोटो विज्ञानाच्या धड्यात पानांच्या रचनेसाठी असेल, तर सहलीच्या अहवालात जागा दाखवण्यासाठी; वर्णनही तसं बदलायला हवं, आणि ते मुलांच्या फार लवकर लक्षात येतं.

मग रंग. वेबची मानकं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी काँट्रास्ट, म्हणजे फिक्या-गडदपणातला फरक, किमान ४.५ : १ हवा, मोठ्या अक्षरांसाठी ३ : १. तो मोजणारी मोफत साधनं इंटरनेटवर आहेत. बरोबर-चूक केवळ हिरव्या-लाल रंगाने दाखवू नये, सोबत शब्द किंवा खूण असावी. व्हिडिओला आपोआप आलेली कॅप्शन तपासून घ्यावीत, नावं हमखास चुकतात.

४. तक्रार कळवा. आता फळ्यावरची यादी घ्या आणि त्या वेबसाइट चालवणाऱ्यांना पत्र लिहा: कोणतं पान, कोणती कळ दाबली, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं.