अ‍ॅट्रॉसिटीची फिर्याद: कुटुंबासोबत कसं उभं राहायचं

गावात दलित कुटुंबाला मारहाण झाली की कार्यकर्त्याला पहिला फोन बहुतेक वेळा त्या कुटुंबाचा येत नाही, गावातल्या वजनदार माणसाचा येतो. "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, दोघांनाही समजवा. गावातलं गावात मिटू द्या." मी मराठवाड्यात हे काम करते आणि नव्याने एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) झालेल्यांना आधी हेच सांगते की अशा वेळी मध्यस्थी करायला जाऊ नका. ज्याच्या शेतात मजुरीला जायचं त्याच्याशी बरोबरीने समेट होत नसतो. आपण कुटुंबाच्या बाजूचे. फिर्याद द्यायची की नाही हे मात्र त्यांनीच ठरवायचं. अ‍ॅट्रॉसिटी कायदा, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार रोखणारा कायदा, काय देतो आणि गावात काय सोसावं लागेल, दोन्ही आपण खरं खरं सांगायचं.

द्यायची ठरली की सगळ्यात जास्त वेळ मजकुराला द्या. "जातीवाचक शिवीगाळ केली" एवढंच लोक सांगतात, ठाणे अंमलदारही तेवढंच लिहून घेतो. ते कोर्टात टिकत नाही. नेमके शब्द काय होते, जातीचं नाव घेतलं का, कुठे उभं राहून बोलला, तेव्हा आसपास कोण होतं, हे सगळं यायला हवं. अपमानाच्या कलमाला घटना लोकांच्या नजरेसमोर घडलेली असावी लागते. म्हणून नळावर घडलं असेल तर "घराजवळ" असं मोघम नको. "सार्वजनिक नळावर, पाण्याला आलेल्या बायकांसमोर" असं स्पष्ट हवं. ते घाण शब्द ठाण्यात पुरुषांसमोर उच्चारणं बाईला फार जड जातं. मी आधी तिच्या घरी बसते, तिच्या तोंडून येतील तसे शब्द कागदावर उतरवते आणि तिलाच वाचून दाखवते. त्यात आपली पुस्तकी भाषा घुसवू नका, उलटतपासणीत तीच तिला अडकवते.

"आधी चौकशी करतो, मग बघू" असं ठाण्यात हमखास ऐकवतात. या कायद्यात 2018 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 18अ सांगतं की गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशीची गरज नाही. एनसीवर, म्हणजे नुसत्या अदखलपात्र नोंदीवर, बोळवण होऊ देऊ नका. नोंद घेतच नसतील तर तीच फिर्याद रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, पावती जपून ठेवा. 14566 या हेल्पलाइनवरही तक्रार करा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

कुटुंबाला सरकारकडून तातडीची मदत नियमाप्रमाणे 7 दिवसांत मिळायला हवी. समाज कल्याणच्या कार्यालयात फाइल अडते ती बहुधा जातीच्या दाखल्यावर. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात असे कागद कुठले? आजोबा, चुलत आजोबा कुठल्या शाळेत गेले होते ते म्हाताऱ्या माणसांना विचारा, शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा काढा आणि तहसीलचा अर्ज लगेच टाका. दिलेल्या प्रत्येक कागदावर पोहोच घ्या.

खरा त्रास त्यानंतर सुरू होतो. दुकानदार उधारी बंद करतो, गिरणीवाला दळण परत पाठवतो, मजुरीला कोणी बोलवत नाही. हा बहिष्कारही 2015 च्या दुरुस्तीपासून गुन्हा आहे. कोणी, कधी, काय नाकारलं याची वहीत तारीखवार नोंद ठेवायला घरातल्या शिकत्या मुलीला सांगा. समोरच्यांकडून कुटुंबावरच चोरी-दरोड्याची उलटी (क्रॉस) केस पडण्याची शक्यता धरून चाला. वकील आधीच गाठून ठेवा. प्रशासन हलत नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता व नियंत्रण समितीकडे लेखी प्रकरण द्या. ती दर 3 महिन्यांनी बसायला हवी. बैठक कधी होती ते विचारत राहा.

आरोपीच्या जामिनाची तारीख कुटुंबाला कळवणं आणि त्यांचं म्हणणं ऐकणं कलम 15अ नुसार बंधनकारक आहे, तरी कळवलं जाईल या भरवशावर राहू नका, कोर्टात जाऊन स्वतः बघा. आणि साक्षीदार सांभाळा. ते फितूर होतात त्यामागे धाक असतो तसाच बुडालेला रोजही असतो. या कायद्याच्या नियमावलीतल्या नियम 11 खाली त्यांना प्रवासभाडं आणि किमान वेतनापेक्षा कमी नाही असा निर्वाहखर्च मिळतो. तो अर्ज प्रत्येक तारखेला, प्रत्येक साक्षीदाराचा वेगळा भरा.